तुमच्या नावावर आधीच कुणी मतदान केलंय? घरी परतू नका! बोगस मतदान, टपाली मत आणि केंद्रावरचे नियम

रांगेत तासभर उभं राहून आत जावं, आणि मतदान अधिकाऱ्यानं यादीवर बोट ठेवून सांगावं, "तुमचं मतदान झालंय." बोट कोरं, ओळखपत्र हातात, तरी मत गेलेलं. अशा वेळी बहुतेक लोक दोन शब्द बोलतात, बाहेर येऊन पारावर शिव्या घालतात आणि घरी जातात. बोगस मतदान करणाऱ्याला हेच हवं असतं. खरा मतदार परत गेला की कागदावर काहीच उरत नाही. रजिस्टरमध्ये सही आहे, यंत्रात मत आहे, हिशोब बरोबर.

म्हणून पहिली गोष्ट ही की केंद्राच्या बाहेर पडू नका. थेट केंद्राध्यक्षांकडे जा आणि 'प्रदत्त मत' मागा. बोलीत याला 'टेंडर व्होट' म्हणतात. निवडणूक संचालन नियम १९६१ मध्ये (नियम ४९-पी) हा हक्क लिहिलेला आहे. केंद्राध्यक्ष तुमची ओळख पटवायला काही प्रश्न विचारतील, बापाचं नाव, घर, वय, शेजारी कोण वगैरे. उत्तरं बरोबर असतील तर फॉर्म १७-बी मध्ये तुमची सही किंवा अंगठा घेऊन तुम्हाला कागदी मतपत्रिका द्यावी लागते. तुम्ही आडोशाला जाऊन शिक्का मारायचा, घडी घालून ती केंद्राध्यक्षांकडे द्यायची. ती वेगळ्या पाकिटात जाते. या वेळी यंत्राचं बटण दाबायला मिळत नाही.

आता खरं बोलायचं तर हे मत मतमोजणीत धरलं जात नाही. मग उपयोग काय, असं कुणीही विचारेल. उपयोग असा की तुमच्या नावावर दुसऱ्यानं मत टाकलं याचा हा सरकारी पुरावा होतो. निकाल थोड्या मतांनी लागला आणि प्रकरण कोर्टात गेलं तर ही पाकिटं तिथे महत्त्वाची ठरतात. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात २००८ साली सी. पी. जोशी फक्त एका मतानं पडले. त्यातला प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेत मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. तिथेही प्रदत्त मतांचा मुद्दा निवडणूक याचिकेत आला होता. मुंबई उच्च न्यायालयानं ती याचिका डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. अशा याचिकेत नुसता आरोप पुरत नाही. निकालावर नेमका काय परिणाम झाला हे तपशिलानं मांडावं लागतं, आणि तो तपशील केंद्रावरच्या नोंदींतूनच येतो.

बोगस मतदार बटण दाबायच्या आधीच अडवावा लागतो

एकदा बटण दाबलं की ते मत बाहेर काढता येत नाही. कुणाचं मत कुणाला गेलं याची नोंद यंत्रात नसतेच, मतदान गुप्त राहावं म्हणून ती व्यवस्थाच तशी आहे. त्यामुळे जे करायचं ते मतदार टेबलापाशी उभा असताना.

इथे काम असतं पोलिंग एजंटचं, म्हणजे उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीचं. पहिला अधिकारी मतदाराचं नाव आणि यादीतला क्रमांक मोठ्यानं वाचतो, तो एजंटला ऐकू यावा म्हणूनच. एजंटला वाटलं की हा माणूस तो नव्हेच, तर तो आक्षेप घेऊ शकतो. त्यासाठी रोख २ रुपये भरायचे. होय, फक्त २. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. आधी आक्षेप घेणाऱ्यानं पटवून द्यायचं, मग समोरच्यानं उत्तर द्यायचं, गरज पडली तर गावातल्या माहीतगारालाही विचारता येतं. माणूस खोटा निघाला तर त्याला लेखी तक्रारीसह पोलिसांच्या ताब्यात देतात. आक्षेप उगाच त्रास द्यायला घेतला असेल तर २ रुपये जप्त होतात.

दुसऱ्याच्या नावावर मत टाकणं किंवा एकदा मत देऊन पुन्हा यायचा प्रयत्न करणं हा तोतयेगिरीचा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७४ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "अरे तो पुण्याला आहे, त्याचं मत वाया कशाला घालवायचं" असं म्हणून पोरांना पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. फोटो पोराचा निघतो, अंगठा पोराचा लागतो, पाठवणारा मात्र नामानिराळा राहतो.

केंद्राध्यक्षांकडे आणखी एक यादी असते, तिला एएसडी यादी म्हणतात. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशा मतदारांची ही यादी बीएलओच्या पाहणीवरून बनते. या यादीतल्या नावावर कुणी मत द्यायला आला तर त्याची ओळख जास्त काटेकोर तपासायची, त्याच्याकडून लेखी घ्यायचं, अंगठा आणि फोटो घ्यायचा, अशा आयोगाच्या सूचना आहेत. गावातल्या एजंटनं ही नावं आपल्या वहीत आधीच लिहून ठेवावीत. अधिकारी परक्या तालुक्यातले असतात, त्यांना कोण मयत आणि कोण मुंबईला ते काय माहीत? गावच्या एजंटला मात्र प्रत्येक घर माहीत असतं. बोगस मतदान रोखण्यात यंत्र, शाई, कॅमेरा यांच्यापेक्षा असा जागा एजंट जास्त कामाचा, असं आमचं स्पष्ट मत आहे. दुपारी जेवायला सगळे एजंट एकदम उठले की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

ओळखपत्राबद्दल एक गैरसमज अजून आहे. घरी येणारी मतदार चिठ्ठी हे ओळखपत्र नव्हे, २०१९ पासून ती एकटी चालत नाही. मतदार कार्ड नसेल तर आधार, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटोचं पेन्शन कागदपत्र, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड यापैकी एखादं चालतं. मात्र नाव यादीत असलंच पाहिजे. यादीत नाव नाही आणि हातात कार्ड आहे, तर मतदान होत नाही.

शाईचं म्हणाल तर ती कर्नाटकात म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. डाव्या हाताच्या तर्जनीला, नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढतात. आधीच खूण असेल किंवा बोट दाखवायला कुणी नकार दिला तर त्याला मत देता येत नाही. बोटाला तेल, मेण, फेविकॉल लावून येणाऱ्यांचं बोट आधी पुसून घ्यायची जबाबदारी अधिकाऱ्याची आहे.

"आजीचं मत मीच टाकतो", हे चालतं का?

आमच्या भागात सगळ्यात जास्त वाद होतो तो यावर. नियम ४९-एन सांगतो की दृष्टी नसलेल्या किंवा शरीरानं इतक्या असमर्थ मतदाराला, की ज्याला चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही, सोबत एक माणूस नेता येतो. सोबत्याचं वय १८ पूर्ण हवं. त्यानं लिहून द्यायचं की मी हे मत गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुठल्याही मतदाराचा सोबती झालेलो नाही. त्याचं नाव फॉर्म १४-ए मध्ये चढतं.

म्हणजे एका दिवशी एका माणसानं एकाच मतदाराला सोबत करायची. वस्तीवरच्या पाच म्हाताऱ्यांना गाडीत घालून आणायचं आणि पाचही मतं आपणच दाबायची, हे सरळ सरळ बेकायदेशीर आहे. गाडीतून आणणारा कुणाच्या पक्षाचा, हा पुढचा प्रश्न. आणि लिहिता-वाचता येत नाही हे सोबती घ्यायला कारण होत नाही. यंत्रावर चिन्ह असतं, चिन्ह ओळखता येतं, तर आजीनं आत एकटीनं जायचं. आजी थकलेली असेल पण डोळे आणि हात धड असतील तर नातवानं तिला दारापर्यंत धरून न्यावं आणि आडोशाबाहेर थांबावं. अधिकारी मात्र बऱ्याचदा गर्दीच्या वेळी "जाऊ द्या, जाऊ द्या" करतात. एजंटनं तिथे फॉर्म १४-ए ची आठवण करून द्यावी.

घरबसल्या मतदान: कुणाला मिळतं, कसं होतं

२०२४ च्या लोकसभेला देशभर घरून मतदानाची सोय पहिल्यांदा झाली, पाठोपाठ नोव्हेंबरच्या विधानसभेलाही होती. ती दोघांसाठी आहे, वय ८५ च्या वरचे मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार. आधी वयाची अट ८० होती, २०२४ मध्ये ती ८५ केली. कायद्याच्या भाषेत हे 'अनुपस्थित मतदार'.

यासाठी फॉर्म १२-डी भरावा लागतो. बीएलओ तो घरी आणून देतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत तो परत जायला हवा. हे पाच दिवस फार पटकन जातात. एक लक्षात ठेवा, अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे 'पीबी' अशी खूण होते आणि मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, तब्येत सुधारली तरी नाही. एकाच माणसाचं घरूनही आणि केंद्रावरूनही मत पडू नये म्हणून ही खूण. घरून मतदान सक्तीचं नाही. ज्यांना केंद्रावर जायचंय त्यांनी फॉर्म भरूच नये.

ठरलेल्या दिवशी मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओ काढणारा असं पथक घरी येतं. कुणाच्या घरी कधी जाणार ते उमेदवारांना आधी कळवलं जातं, त्यांचा प्रतिनिधी हजर राहू शकतो. मतदार घरी सापडला नाही तर पथक आणखी एकदा येतं, त्यानंतर संधी संपते. मतदार कागदी मतपत्रिकेवर खूण करतो, ती आतल्या पाकिटात बंद होते. सही केलेलं घोषणापत्र (फॉर्म १३-ए) वेगळं, आणि दोन्ही मिळून बाहेरच्या मोठ्या पाकिटात. मोजणीच्या दिवशी घोषणापत्रावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आणि आतल्या पाकिटावरचा क्रमांक जुळला नाही, किंवा घोषणापत्रावर सही नसली, तर आतलं पाकीट न फोडताच मत बाद होतं. बोगस टपाली मत अडवणारी कडी हीच आहे. पण याच कडीत साध्या म्हाताऱ्या माणसाचं खरं मतही अडकतं. म्हणून सही-अंगठा झाला का, क्रमांक लिहिला का, हे पथक जायच्या आधी विचारून घ्या.

घरच्या मतदानातला खरा धोका बाहेरच्या तोतयाचा नाही, घरातल्यांचाच आहे. खाटेवरच्या वडिलांच्या डोक्याशी चार भाऊ उभे आणि मोठा सांगतोय "अण्णा, इथं करा खूण". व्हिडिओत पथक दिसेल, पाकीट दिसेल, पण अण्णांवरचा दाब दिसणार नाही. मत देताना घरच्यांना बाजूला करणं हे पथकाचं काम आहे आणि तसं तुम्ही त्यांना सांगू शकता. मत कुणाला दिलं ते टिपण्याचा अधिकार कॅमेऱ्याला नाही, उमेदवाराच्या प्रतिनिधीलाही नाही.

निवडणूक ड्युटीवरचे शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस यांच्या टपाली मताबद्दलही पूर्वी तक्रारी असत, कारण मतपत्रिका घरी न्यायला मिळायची आणि मग ती कुणी कुणापुढे भरली ते देवाला ठाऊक. २०२३ च्या नियम बदलानंतर त्यांना सुविधा केंद्रावरच मतपत्रिका घ्यायची, तिथेच भरायची आणि तिथेच टाकायची आहे.

फौजी, ऊसतोड मजूर आणि आखातातला पोरगा

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घराघरात फौजी. त्यांची मतपत्रिका ऑनलाइन जाते. फौजी ती उतरवून छापतो, खूण करतो, घोषणापत्र साक्षांकित करून पोस्टानं पाठवतो. मोजणीच्या दिवशी सकाळी ८ पर्यंत ती पोचली पाहिजे. मोजणीच्या टेबलावर पाकिटावरचे क्यूआर कोड स्कॅन होतात, त्यामुळे एकाच मतपत्रिकेची दुसरी प्रत आली तर पकडली जाते. फौजीसोबत राहणाऱ्या पत्नीलाही ही सोय आहे, मुलांना नाही.

सैन्यातल्या मतदाराला दुसरा एक पर्याय आहे, गावातल्या विश्वासाच्या माणसाला आपला प्रतिनिधी नेमून त्याच्या हातून मत देण्याचा. तो माणूस केंद्रावर स्वतःचं एक आणि फौजीचं एक अशी दोन मतं देतो. एजंटनं इथे गोंधळ घालू नये. हे बोगस मतदान नाही. फौजीच्या मतासाठी त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागते, तर्जनीला नाही.

आणि ज्यांना ही सोय सगळ्यात जास्त हवी त्यांना ती नाहीच. बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोड कामगारांना टपाली मत नाही. कोयता घेऊन कर्नाटकात गेलेल्या जोडप्यानं एक तर मुकादमाकडून सुट्टी घेऊन गावी यायचं किंवा मत सोडायचं. निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये ७२ मतदारसंघांची मतं एका केंद्रावरून घेता येतील असं यंत्र मांडलं होतं. राजकीय पक्षांनी शंका घेतल्या आणि ते तिथेच राहिलं. आखातात किंवा परदेशात असलेल्या, पासपोर्ट भारतीय असणाऱ्यांना नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावरच यावं लागतं. अशा घरांवर कुलूप असतं आणि यादीत नावं असतात. बोगस मतदान करणाऱ्याची नजर पहिली याच नावांवर जाते. त्यामुळे वाडीवरचं कोण कोण बाहेर आहे याची वही एजंटकडे असलीच पाहिजे.

मुळात घोळ यादीत असतो

एक नाव गावात, एक पिंपरीत. लग्न झालेल्या लेकीचं नाव माहेरीही आणि सासरीही. बहुतेक ठिकाणी हा कट नसतो, आळस असतो. पण कायदा स्पष्ट आहे. एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असावं, आणि एकाच निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्ही मतं रद्द धरली जातात. पत्ता बदलायला फॉर्म ८, मयत किंवा चुकीचं नाव काढायला फॉर्म ७, नवीन नावासाठी फॉर्म ६. फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

फॉर्म ७ चं हत्यार उलटंही चालवलं जातं, विरोधकाच्या वस्तीतली जिवंत माणसं 'मयत' किंवा 'गाव सोडून गेली' म्हणून कळवायची. अशी नोटीस आली तर ती फेकू नका, सुनावणीला जा. आणि नवीन नावांच्या बाबतीत राजुऱ्याचं उदाहरण आठवा. २०२४ च्या विधानसभेआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा मतदारसंघात ऑनलाइन आलेल्या नव्या अर्जांचा ढीग संशयास्पद निघाला. छाननीत साडेसहा हजारांहून जास्त अर्ज बाद झाले आणि पोलिसांत गुन्हा दाखल झाला. प्रारूप यादीचं ग्रामसभेत वाचन होतं तेव्हा तिथे बसून ऐकलं, तर मतदानाच्या दिवशीची निम्मी भांडणं होणारच नाहीत.

मतदान संपल्यावर हातात काय हवं: १७-सी

सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी एजंटांसमोर अभिरूप मतदान होतं, किमान ५० मतांचं. ती मतं पुसून, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून मग खरं मतदान सुरू होतं. एजंट उशिरा पोचले तर हे त्यांच्या मागे उरकतं, मग दिवसभर शंका काढण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी केंद्राध्यक्ष फॉर्म १७-सी भरतात. यंत्राचा क्रमांक, किती मतदारांनी रजिस्टरमध्ये सही केली, यंत्रात किती मतं पडली, हे सगळं त्यात असतं. त्याची प्रत प्रत्येक हजर एजंटला द्यायचीच असते, उपकार म्हणून नव्हे, नियम म्हणून. मोजणीच्या दिवशी यंत्रावरचा एकूण आकडा या कागदाशी ताडून बघायचा. २०२४ च्या विधानसभेत संध्याकाळी ५ ची टक्केवारी ५८.२२ आणि अंतिम ६६.०५, यावर राज्यभर गदारोळ झाला. वेळ संपताना रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटतात आणि त्या सगळ्यांचं मतदान घेतात, त्यामुळे आकडा वाढतो हे खरं. किती वाढला ते आपल्या केंद्रापुरतं तपासायचं साधन मात्र १७-सी आहे, मोबाईलवरची पोस्ट नव्हे.

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीनं वेगळी वाट धरली. निकाल पटला नाही म्हणून गावकऱ्यांनी ३ डिसेंबर २०२४ ला स्वतःच मतपत्रिकांवर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, मतदान झालं नाही, उलट गुन्हे नोंदले गेले. गावाची शंका समजू शकते, पण अशा मतदानाला कायद्यात जागा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत पैसे भरून ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते, हा मार्ग सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ च्या निकालात दिलेला आहे.

ग्रामपंचायत, झेडपीला काय वेगळं?

या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. यादी विधानसभेचीच वापरतात, पण व्हीव्हीपॅट नसतं, त्यामुळे सात सेकंद दिसणारी चिठ्ठी इथे शोधू नका. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत आयोगानं संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे छापले. तुमच्या नावापुढे तारे असले म्हणून मत जात नाही, फक्त दुसरीकडे मत देणार नाही असं लिहून द्यावं लागतं.

तक्रार करायची तर लोकसभा-विधानसभेला १९५० हा क्रमांक आणि सी-व्हिजिल ॲप आहे. ॲपमध्ये जागेवरच फोटो-व्हिडिओ काढावा लागतो, गॅलरीतला जुना चालत नाही, आणि १०० मिनिटांत कारवाईचं बंधन आहे. मतदान कक्षात मात्र मोबाईल काढू नका. बटण दाबतानाचा फोटो स्टेटसला टाकणं हा गुप्ततेचा भंग आहे. निकालाला आव्हान द्यायचं असेल तर लोकसभा-विधानसभेसाठी ४५ दिवसांत उच्च न्यायालयात आणि ग्रामपंचायतीसाठी १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करावा लागतो. त्यासाठी १७-सी ची प्रत, आक्षेपाच्या २ रुपयांची पावती आणि प्रदत्त मत दिलेल्यांची नावं मतदानाच्या रात्रीच एका फाइलला लावून ठेवा.